एक 'म्हणे' राहून गेलं

आमच्या बंदरगावात बायका पुस्तक वाचून दाखवायच्या तेव्हा दर वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावायच्या. सेनापती घोड्यावर बसला म्हणे. राणीने दिवा मालवला म्हणे. सासूबाईंचा तर दंडकच होता. "जे डोळ्यांनी पाहिलं नाहीस त्याला 'म्हणे' लाव. मग खोटं निघालं तरी पाप सांगणारीच्या माथी नाही."

मला तो दंडक मानवायचा. पहाटे विहिरीचं पहिलं पाणी वाटीत भरून मी अंगणातल्या रांजणांपाशी ठेवत असे, एकशे आठ नमस्कार घालत असे. खोटं बोलायचं नाही, हे त्याच व्रतातलं. त्या वसंतात ते व्रत मी 'म्हणे'च्या आधाराने कसंबसं रेटलं.

माझा नवरा मुन्बो सरकारी धान्याच्या नावेवर होता. नाव खडकावर आपटून फुटली. शेजारच्या तोंगजिनवालीचा नवरा मागच्या नावेवर होता. त्यांनी मुन्बोला तिकडेच किनाऱ्यावर पुरलं, आणि खूण म्हणून त्याच्या पायातला एक कापडी मोजा आणून माझ्या हातात दिला. टाचेला निळ्या दोऱ्याचा टाका होता. पांढरा दोरा संपला म्हणून मीच घातलेला.

सासूबाई तापातून नुकत्या उठल्या होत्या. दृष्टी तर आधीच गेलेली. "हानसानवाली, आत्ता सांगशील तर म्हातारीही हातची जाईल," तोंगजिनवाली मला माझ्या माहेरगावाच्या नावाने हाक मारत म्हणाली. "जव पिकेपर्यंत थांब."

थांबले. सुतकाचं जाडंभरडं तागाचं वस्त्र नेसले नाही, केस सोडले नाहीत, मोठ्याने रडले नाही.

"मुन्बोचं काही कळलं का गं?" सासूबाई विचारायच्या.

"नाव दक्षिणेला वाऱ्यासाठी थांबलीय म्हणे."

कोणीतरी तसं म्हणालंही होतं, महिन्यापूर्वी.

दुपारी सासूबाई आणि तोंगजिनवाली तागाचे धागे सोलायच्या आणि मी वाचायची. पुस्तक तोंगजिनवालीच्या माहेरचं, हाताने उतरवलेलं. सेनापतीला बेटावर हद्दपार करतात आणि त्याची बायको वाट पाहते, अशी गोष्ट.

"हिच्या तोंडून सेनापतीसुद्धा मठातल्या भिक्षुणीसारखा बोलतो बाई," तोंगजिनवाली हसायची.

"बोलू दे. पण रडतो किती मेला," सासूबाई म्हणायच्या. "बायकोला एक निरोप धाडायचा सोडून चंद्रावर कविता करतोय."

त्या दुपारी सेनापतीची नाव वादळात सापडली. ते पान टाळावं असं मनात आलं होतं. पण सासूबाईंनी हे पुस्तक लहानपणी ऐकलेलं; पान गाळलं तर त्यांना कळलं असतं. मी वाचत गेले.

"लाटेने नाव आडवी केली म्हणे. डोलकाठी मोडली म्हणे. तिसऱ्या दिवशी तो वाळूवर सापडला म्हणे. पायात एक मोजा होता म्हणे. टाचेला निळा टाका होता."

मी पान उलटलं. सासूबाईंच्या मांडीवरचा धागा थांबला होता.

"पुस्तकात आहे हे?"

"असेल हो," तोंगजिनवाली घाईने म्हणाली. "लिहिणाऱ्याला काय, सुचेल ते लिहितो."

"तू गप्प बस. मी तिला विचारतेय." मग माझ्याकडे तोंड करून, "शेवटच्या वाक्याला 'म्हणे' लावलं नाहीस."

चुकून राहिलं, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं माझं एकटीचं झालं असतं. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागा नव्हती.

"ते मी पाहिलंय, आई."

तोंगजिनवाली उठून बाहेर गेली.

"किती दिवस झाले?"

"अठरा."

"अठरा दिवस मला सेनापती ऐकवतेस," त्या हळू म्हणाल्या. मग चाचपडत त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, मानेवरच्या अंबाड्यापाशी थांबला. त्यांनी त्यातली आडवी काडी ओढून काढली. केस खांद्यांवर उतरले.

"सांग आता."

मी सांगितलं. पुस्तकातल्या नावेच्या वादळाला पाच पानं लागली होती. मुन्बोची चार वाक्यांत बुडाली, आणि त्यातल्या तीन वाक्यांना 'म्हणे' लावावंच लागलं.

"एवढंच?"

"एवढंच माहीत आहे, आई."

त्यांनी तागाची जुडी बाजूला सारली.

"मग आधीचं मी सांगते. पायाळू जन्मला तो. दोन दिवस आणि एक रात्र अडून होता. सुईण घरी जायला निघाली होती. मीच तिचा पदर धरून ठेवला..."

ऐकणारीने दर वाक्याला हुंकार द्यायचा असतो. पहिल्या तीन वाक्यांना मी दिला. पुढे मला देता आला नाही. त्या मात्र थांबल्या नाहीत.