गाईजवळच्या चुगल्या

लाथ बसली ती बादलीला. दूधवाल्यांचा गुडघा थोडक्यात वाचला. बादली घरंगळत गोठ्याच्या दारापर्यंत गेली. सांडायला तिच्यात काही नव्हतंच, त्यामुळे नुकसान झालं ते फक्त अब्रूचं.

"बाईसाहेब, काय हे," ते तांबडीला म्हणाले. तांबडीनं तोंड फिरवलं.

अख्खी वस्ती त्यांना दूधवाले म्हणायची. आधी सायकलवरून आणि आता स्कूटरला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून त्यांनी उभा जन्म दारोदार दूध घातलं. कुणाकडे तान्हं मूल आहे, कुणाला चहापुरतंच लागतं, सगळं तोंडपाठ. पण धार मात्र त्यांनी कधी काढली नव्हती. ती बायको काढायची. भरलेले कॅन दाराशी आले की तिथून पुढे यांचं राज्य सुरू व्हायचं. आणि आता तीच बायको गोठ्यात पाय घसरून पडली, मांडीचं हाड मोडून दवाखान्यात जाऊन झोपली.

त्या दिवसापासून तांबडीनं दूध चोरलं, कासेत असून सोडेना. वासरू केव्हाच चाऱ्याला लागलेलं, म्हणजे त्याला लावून पान्हा सोडवायचीही सोय नाही. पेंड पुढ्यात ठेवून झाली, कोमट पाण्यानं कास धुऊन झाली. शेजारच्या गोठ्यातला गडी मोठ्या ऐटीत आला आणि लंगडत परत गेला. गुरांच्या डॉक्टरांनी सुई टोचून एकदा कास मोकळी केली, पण जाताना बजावून गेले.

"रोज सुईवर गाय चालवायची नसते. कास सुजायला लागलीय. तुमच्या हाताला सोडलं तर ठीक, नाहीतर आटवून टाकू हिला."

"आटवताय कशाला, विकूनच टाका," जावई म्हणाला. पाय बरा होऊन बायको घरी येणार आणि दावणीला नुसता खुंटा बघणार, हे चित्र दूधवाल्यांना सोसवेना.

मग लेकीनं शक्कल काढली. ती आईपाशी दवाखान्यात होती. तिनं आईच्या कानाला फोन लावला आणि इकडे दूधवाल्यांनी आपला फोन तांबडीच्या कानाशी धरला.

"तांबडे, शहाणी ना तू? दूध दे हं बाळा," फोनमधून आवाज आला.

तांबडीनं कान टवकारले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि फोनवर एक मोठा फुत्कार सोडला. थेंब आला नाही.

स्क्रीन पुसताना दूधवाल्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. बायको गाईशी इतकं गोड कधी बोलत होती? पहाटे कॅनची वाट बघत ते ओट्यावर बसायचे, तेव्हा गोठ्यातून धारेच्या आवाजाबरोबर एक पुटपुट ऐकू यायची. स्तोत्रबित्र म्हणत असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. ते तसेच दवाखान्यात गेले.

"धार काढताना तू काय म्हणतेस गं?"

"कुठं काय?" बायकोनं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"कास दगड झालीय तिची. लाजायची वेळ आहे का ही?"

बायकोनं लेकीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "तुमच्या चुगल्या सांगते," ती हळूच म्हणाली.

शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. सलाईन तपासणाऱ्या सिस्टरचा हात थांबला.

"माझ्या? कसल्या?"

"हेच की. चहा प्यायला की कप तिथेच ठेवतात. ओला टॉवेल गादीवर टाकतात. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतात, बरोबर पडलं तर गप्प." ती थांबली. "आणि दारोदार गप्पा मारून येतात, घरी आलं की तोंडाला कुलूप. मग मी कुणाशी बोलायचं? ती ऐकते."

आजींनी मान डोलावली, जणू त्यांच्याच घरचं चाललं होतं. दूधवाले काही बोलले नाहीत. म्हणजे तोंडाला कुलूपच.

संध्याकाळी ते बायकोच्या तिपाईवर बसले. ती टेकवायची तसं डोकं तांबडीच्या कुशीला टेकवलं. घसा खाकरला.

"ऐक तांबडे. आमच्या यांचं काही खरं नाही. चहा पितात आणि कप तिथेच."

कान हलला.

"ओला टॉवेल गादीवर. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

तांबडीनं मागचा पाय जरा फाकवून टेकला. सड हातात मऊ लागले. दूधवाल्यांचा आवाज खाली आला. "साऱ्या जगाची विचारपूस करतो हा माणूस. मास्तरीणबाईंचे डोळे, कोपऱ्यावरच्या बाळाचे दात, सगळं माहीत. घरातल्या बाईला मात्र कधी विचारलं नाही, आज कसं गेलं म्हणून. आणि आता ती घरात नाही, तर त्याला घर खायला उठलंय. हे तिला सांगायचं कसं, तेही येत नाही मेल्याला."

तांबडीनं लांब श्वास सोडला. पहिली धार बादलीच्या बुडावर खणकन वाजली, मग दुसरी, मग फेसात आवाज घुमू लागला. मनगटं भरून आली, बोटं आखडली, तरी ते थांबले नाहीत. डोळे वाहत होते, आणि ते मोठमोठ्यानं हसत होते. कास रिकामी होऊन हाताला सैल लागली तेव्हा त्यांनी तांबडीच्या पाठीवर अशी थाप मारली, जशी कुस्ती मारलेल्या पैलवानाला मारतात.

सकाळी स्कूटरचा हॉर्न दारोदार जरा जास्तच वाजला. मास्तरीणबाई पातेलं घेऊन आल्या.

"वहिनी घरी आल्या वाटतं?"

"नाही. आजचं दूध माझं आहे," दूधवाले म्हणाले, आणि माप जरा वरपर्यंत भरलं.

शेवटी ते थर्मास घेऊन वॉर्डात पोचले. बायको घोट घोट दूध प्यायली. वॉर्डातल्या सगळ्या खाटांचे कान इकडेच होते.

"काय सांगितलंत तिला?"

"तुझंच सगळं. शेवटी थोडं माझं."

"तुमचं काय?"

त्यांनी तिच्या हातातला कप घेतला, नळाशी जाऊन विसळला आणि पालथा घातला. मग स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले, पण शब्द काही फुटेना.

"बोला की," बायको म्हणाली. "मी लाथ मारत नाही."