उचललेली खुर्ची

रस्त्याच्या त्या पाहणीतून नगरपालिकेच्या मुगेर्वासाहेबांना खुर्ची मिळायची होती: वरच्या मजल्यावरची, गादीची, गोल फिरणारी. नाम्पीमाला मिळायचा होता रस्ता. मला काहीच मिळायचं नव्हतं. मीही खुर्चीच आहे, मित्रांनो, पण चाकांची आणि जुनी. माझ्यासाठी आजवर कोणी वशिला लावलेला नाही.

कंपालाच्या काट्वे भागात भंगारातून काहीही जन्माला येतं. तिथल्याच एका वेल्डरनं मला घडवलं. पाण्याचे पाइप, सायकलची दोन चाकं, बसायला जुन्या टायरच्या पट्ट्या. पुढचं चाक त्यानं मुद्दाम रुंद ठेवलं, लाल मातीत रुतू नये म्हणून. मातीचा विचार त्यानं केला. फुटपाथाचा विचार करायला नगरपालिका होतीच.

नाम्पीमाचे पाय लहानपणीच पोलिओनं नेले. हात मात्र असे, की गोमेसी, म्हणजे खांद्यावर टोकं उभी राहणारा बायकांचा झगा, तिच्याइतका ताठ आमच्या बाजारात कोणी शिवत नसे. ती ज्या शिवणाच्या दुकानात कामाला होती, त्याची मालकीण जुळ्यांची आई, म्हणून सगळे तिला मानानं नालोंगो म्हणत. ती नाम्पीमाचं कौतुकही करायची आणि घड्याळाकडेही बघायची. एक दिवस म्हणाली, "बोटं तुझी सोन्याची आहेत गं. पण दुपारी उगवणारं सोनं घेऊन मी काय करू? असंच चाललं तर मशीन दुसरीला देईन."

उशीर काही आम्ही हौसेनं करत नव्हतो. फुटपाथ गुडघ्याएवढा उंच, चढायला कुठेही उतार नाही. मधोमध विजेचा खांब. गटारांची लोखंडी झाकणं लोकांनी कधीच भंगारात विकलेली. त्यातलं एखादं माझ्याच अंगात असेल तर देव जाणे. उरलेल्या जागेत मोटारसायकलवाले गिऱ्हाइकांची वाट पाहत पहुडलेले. मग आम्ही खाली रस्त्यावर, टॅक्सींच्या धुरात आणि शिव्यांत.

लोक मात्र फार दयाळू. "बांबी," म्हणजे "बिच्चारी गं," असं म्हणत कोणीही येई, न विचारता मला धरून उचली, नाम्पीमाच्या काखेत हात घाली आणि पलीकडे ठेवून हात झटकत निघून जाई. त्या एका शब्दाची मला शिसारी बसली आहे.

शेवटी नगरपालिकेत खेटे घालघालून नाम्पीमानं पाहणी मागून घेतली. रस्ता नापास झाला तर पावसाआधी उतार आणि झाकणं बसणार होती. पास झाला, तर तो 'सर्वांसाठी खुला' म्हणून जाहीर होणार होता, आणि जाहीर करणाऱ्याला बढती. मुगेर्वासाहेब चकचकीत बूट घालून आले. मोजपट्टी त्यांच्या खिशातच राहिली. ते म्हणाले, मोजून काय कळतं, खुर्ची या टोकापासून त्या टोकाला पोहोचते का तेवढं पाहू.

आम्ही निघालो. पहिल्या उघड्या गटाराशी माझं चाक थांबलं. नाम्पीमानं हात मांडीवर ठेवले. तिला हेच दाखवायचं होतं. पण या शहरात कोणाला अडकलेलं पाहून कोणी उभं राहतं होय? त्यात समोर साहेब. मोटारसायकलवाले धावले, चपातीवाला उलथनं टाकून धावला. बांबी, बांबी, आणि मी हवेत.

"ठेवा मला खाली," नाम्पीमा म्हणाली. "मला अडकू द्या."

कडेची मका भाजणारी बाई हसली. "अडकायची हौस आहे का गं तुला? चांगली राणीसारखी निघालीयेस."

खांबाशी तेच. पायरीशी तेच. त्या दिवशी माझी चाकं जमिनीला फारशी लागलीच नाहीत. दुसऱ्या टोकाला मला ठेवलं तेव्हा घाम सगळ्यांना आला होता, साहेब सोडून.

"पोहोचलीस ना? मग झालं," ते म्हणाले.

"मी पोहोचले नाही, साहेब. मला पोहोचवलं."

"व्याकरण शाळेत, न्याबो," साहेब म्हणाले. न्याबो म्हणजे बाईसाहेब. अपमान करतानाही इथे अदब सुटत नाही. लोक हसले. रस्ता पास झाला.

फीत कापली तेव्हा फोटोसाठी मलाही बोलावलं, फुलं बांधून. माझ्या पाठीवर हात ठेवून साहेबांनी भाषण केलं. त्यांच्या हाताचा घाम मला अजून चिकटल्यासारखा वाटतो.

पुढे पाऊस लागला. एका पहाटे नाम्पीमा लवकर निघाली, उशीर नको म्हणून. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गटार पाण्यानं भरून जमिनीसारखं सपाट दिसत होतं. माझं पुढचं चाक आत गेलं आणि मोडलं. माणसं येईपर्यंत ती चिखलात बसून होती. मग आली सगळी, बांबी म्हणत. दुकानात पोहोचवली तेव्हा मशीनवर दुसरी मुलगी बसली होती.

आता नाम्पीमा घरीच हातशिलाईनं फाटकं सांधते. मी अंगणात आहे. माझ्यावर कोंबड्या बसतात, आणि त्यांचं वागणं त्या फीत कापणाऱ्यांहून काही वेगळं नाही.

मित्रांनो, दया करूच नका असं मी म्हणत नाही. पण हात लावण्याआधी विचारा. आणि उचलून झालं की घरी जाऊ नका. झाकण कुठे गेलं ते नगरपालिकेला विचारा.

बाकी हिशेब सरळ आहे. साहेबांना खुर्ची मिळाली. उचलणाऱ्यांना पुण्य मिळालं. शहराला फोटो मिळाला. माझं चाक गेलं, आणि नाम्पीमाची जागा.