आठच ग्रह

सकाळी अकरा चाळीसला सुमीतचा फोन आला. टावर चौकात त्याचं झेरॉक्सचं आणि पत्रिका छापून देण्याचं दुकान होतं. एका बाळाच्या कुंडलीत केतूच छापला गेला नव्हता.

"काका, पंडितजींनी दोनदा गिनले. आठच ग्रह आहेत. मला म्हणतात, नववा क्या तूने रख लिया?"

सुधाकर दिघे हसला नाही. कुंडली काढणारा तो प्रोग्राम त्याचा होता. वीज कार्यालयाच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढल्यावर घरी बसून त्याने तो लिहिला होता, आणि आता एकेचाळीस दुकानदार आणि गुरुजी तो वापरत. त्याचा ग्रहांवर विश्वास नव्हता. त्यांच्या अंशांवर मात्र होता, आणि तिथे त्याला कोणी कधी चूक दाखवली नव्हती.

चूक वीस मिनिटांत सापडली. पूर्वी दाटीच्या घरातलं ग्रहाचं नाव रेषेबाहेर सांडून शेजारच्या घरात दिसायचं आणि पंडित चिडायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने प्रत्येक घराला क्लिप लावली. या आकाराच्या आत चित्र काढ, बाहेर जाईल ते टाकून दे, असं संगणकाला सांगणारी ती एक ओळ. संगणकाने ती तंतोतंत पाळली. बारावं घर म्हणजे टोक खाली असलेला त्रिकोण. त्यात तीन नावं अंशांच्या क्रमाने एकाखाली एक बसत. चौथं टोकाच्या खाली जाई, आणि कापलं जाई. सोबतच्या तक्त्यात नऊही ग्रह बरोबर होते, पण तक्ता पाहतो कोण? लोक कुंडलीचा फोटो काढून पुढे धाडत.

दाटी झाली की अक्षर लहान करायचं, अशी दुरुस्ती त्याने केली. मग घरच्या संगणकात साठवलेल्या बाराशेवर पत्रिका एकामागून एक तपासल्या. सतरा पत्रिकांत ग्रह कापला गेला होता. अकरावं नाव अपूर्वाचं होतं, त्याच्या भाचीचं.

जन्म २० एप्रिल २०००, सकाळी आठ दहा. मेषेत रवी, गुरू, शनी आणि सगळ्यांत पुढच्या अंशावर मंगळ. बारावं घर, मंगळदोषाच्या घरांपैकी एक. लग्न नऊ दिवसांवर.

पत्रिका दिवाळीनंतर त्यानेच काढून दिली होती. देवासच्या भय्यासाहेबांनी, मुलाच्या वडिलांनी, ती भिंग घेऊन पाहिली होती. मंगळ नको त्या घरांत नाही, एवढी त्यांनी खात्री करून घेतली. मग तो आहे कुठे, हे विचारायचं त्यांच्याकडून राहिलं, आणि सुधाकरकडूनही.

आता दुरुस्ती सगळ्यांना पाठवायची तर सोबत लिहावं लागणार, जुन्या पत्रिका पुन्हा काढून पाहा. एकेचाळिसांत भय्यासाहेबांचे गुरुजीही होते. न पाठवावी, तर उरलेले सोळा जण आणि दुकानांतून छापून गेलेले, ज्यांची त्याला गणतीही नव्हती, तसेच राहणार. जेवायला बसून तो पोळी न तोडताच उठला.

चार वाजता तो बहिणीकडे पोचला. अलका अपूर्वाच्या सासरच्या मंडळींना द्यायच्या भैरवगढी छापाच्या चादरी बांधत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. दहा दिवस थांब, दोन वर्षांत कुणाचं काय बिघडलं, असं तिचं म्हणणं होतं. मेषेचा मंगळ स्वतःच्या घरचा, त्याचा दोष धरत नाहीत, असंही म्हणाली. काही धरतात, काही धरत नाहीत. भय्यासाहेब कुठल्या बाजूचे, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"दादा, तू मंगळ मानतोस?"

"नाही."

"मग?"

"मानत नाही. पण तो तिथे आहे, अलका."

"पंचवीस वर्षं होता तिथेच. नऊ दिवसांवर बरा दिसला तुला."

सव्वापाचला अपूर्वा बँकेतून आली. आईचा चेहरा पाहून तिने पर्स खांद्यावरून काढलीच नाही. मामाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"सारी दुनिया मंगळ शांत करायला आपल्या गावात, मंगलनाथला येते," ती म्हणाली, "आणि मामाच्या घरून माझाच मंगळ गायब."

मग ती गच्चीवर गेली आणि होणाऱ्या नवऱ्याला, यशोधनला फोन लावला. दहा मिनिटांनी खाली आली. त्याला काही फरक पडत नव्हता. फक्त पप्पांना आत्ता सांगू नकोस, एवढं तो दोनदा म्हणाला होता.

अलकाने लगेच सुधाकरकडे पाहिलं. अपूर्वा मोबाइलची काच ओढणीला पुसत राहिली.

"त्यांच्या गुरुजींकडून कळण्याआधी आपल्याकडून जाऊ दे," ती म्हणाली. "मामा, नवी काढून दे."

सहा वीसला सुधाकरने नवी पत्रिका भय्यासाहेबांना पाठवली. खाली लिहिलं की चूक त्याच्या प्रोग्रामची आहे, मुलीकडच्यांना आजपर्यंत याची कल्पना नव्हती. सहा एकतीसला निळ्या खुणा उमटल्या. सहा चाळीसला त्याने दुरुस्ती एकेचाळीस जणांना धाडली.

अलकाच्या चार चादरी बांधून झाल्या होत्या. पाचवी मांडीवर होती. तिने तिची घडी घातली नाही, आणि ती बाजूलाही ठेवली नाही.

सव्वासातपर्यंत तिघांनी दुरुस्ती उतरवून घेतली होती. तिसरं नाव देवासच्या गुरुजींचं होतं. भय्यासाहेबांचं उत्तर आलेलं नव्हतं.