उभी पट्टी, आडवी पट्टी

धायरीच्या कारखान्यातले तारा जोडायचे प्लास्टिकचे कनेक्टर गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा परत पाठवले, तेव्हा सगळ्यांनी कच्च्या मालावर खापर फोडलं. चाचणी विभागातल्या हेमाला मात्र एक गोष्ट खटकली. प्रत्येक नगात तडा एकाच जागी होता, स्क्रूच्या भोकामागच्या पातळ भिंतीत.

वर्धा सोडून तिला सहा वर्षं झाली होती. कर्वेनगरात एक खोली, आणि इथे हा काचेचा कप्पा. लोक तिच्याशी बोलायचे ते रिपोर्टपुरतं.

तिने त्याच प्लास्टिकची पातळ पाटी ओतून घेतली. तिच्यातून एक पट्टी कापली प्लास्टिक वाहत गेलं त्या दिशेने, दुसरी त्याला आडवी. दोन्ही यंत्रात ताणल्या. उभीने बराच जोर सोसला. आडवी निम्म्याच्या आत तुटली.

ती टूलरूममध्ये रंगनाथकाकांकडे गेली. साचे त्यांच्या हातचे.

"काका, याचे रेणू काड्यांसारखे ताठ असतात. वाहताना एका दिशेने लागतात. त्या दिशेने मजबूत, आडवे कच्चे. भोकाला वळसा घालून दोन प्रवाह मागे भेटतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. तडा त्या सांध्यावर जातोय. प्लास्टिक शिरतं ते तोंड समोरच्या बाजूला घेतलं, तर सांधा जाड भिंतीत येईल."

"अहो, साचा म्हणजे काय परकर आहे, नाडी इकडून काढून तिकडून घालायला?"

ती दोन्ही पट्ट्या त्यांच्या टेबलावर ठेवून परत आली.

दहा दिवसांनी काकांनी स्वतः तोंड बदललेल्या साच्यातले नवे नग आणून दिले. तिने शंभर तपासले. एकालाही तडा गेला नाही.

बैठकीत काका म्हणाले, "बाईंनी सांगितलं होतं." साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा विषय काढला.

सुटल्यावर स्टॉपवरून तिने बहिणीला, शर्मिलाला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आणि बोलण्याचा गलका होता.

"ताई, पाहुणे आले घरी. मंग करतो तुले फोन. काही खास होतं का?"

"नाही गं. सहज."

तेवढ्यात काकांची स्कूटर शेजारी थांबली. "सोडू का कुठे?"

"नको, येईल बस."

"बरं," म्हणून ते निघाले. हो म्हणायला हवं होतं, हे तिला स्कूटर वळणाआड गेल्यावर कळलं. बस चाळीस मिनिटांनी आली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि शेजारची कर्वेनगरपर्यंत रिकामीच राहिली.