माफी मागणारं हरीण

जपानच्या नारा शहरातली हरणं मोठी गोड. तांदळाच्या बिस्किटासाठी माणसापुढे तीन-तीनदा मान लववतील, आणि बिस्किटं संपली की त्याच माणसाच्या ढुंगणावर शिंगं हाणतील. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथल्या एका व्हिडिओ गेम कंपनीचे मालक उगाकीसाहेब तर जन्मले, वाढले तिथेच. तरी त्यांनी भर बैठकीत म्हणावं, "हरीण कसली मारामारी करणार? काढून टाका ते." आता या माणसाला काय म्हणायचं?

कंपनीत पात्रं रंगवणाऱ्या हिनात्सुला म्हणायचं बरंच होतं, पण मालकापुढे म्हणणार कोण? साल सत्त्याण्णव. कंपनीचा नवा गेम टीव्हीला जोडून खेळायचा, मारामारीचा. दोन माणसं एकमेकांना बडवतात, बडवता बडवता अंगात आल्यासारखी अर्धी जनावरं होतात, आणि मग आणखी बडवतात. कुणी वाघ होतो, कुणी लांडगा, कुणी रानडुक्कर. आठ वर्षं दुसऱ्यांच्या पात्रांच्या शेपट्या रंगवल्यावर हिनात्सुला पहिल्यांदा स्वतःचं पात्र मिळालं होतं. सुटाबुटातला एक गरीब कारकून, जो चिडला की शिंगं फुटून हरीण होतो. टायसकट. तिचा जीव होता त्याच्यावर.

"शुक्रवारी मी स्वतः वाघ घेऊन खेळतो," साहेब म्हणाले. "वाघापुढे टिकलं तर राहील. नाहीतर त्याच्या जागी अस्वल घ्या."

पण हरणाच्या हालचालीच अजून टिपायच्या होत्या. त्यासाठी अंगाला चिकटलेला काळा पोशाख घालून, सांध्यासांध्याला पांढरे चेंडू लावून एका माणसाने हातपाय झाडायचे आणि ते कॉम्प्युटरने टिपायचे, अशी रीत. बुधवारी हॉल मिळाला, तोही एकच दिवस, आणि ऐन वेळी कराटेवाले गुरुजी अडून बसले. "वाघ म्हणा, लांडगा म्हणा, होतो. बिस्किटं खाणारं जनावर मी होणार नाही. शिष्य काय म्हणतील?" आणि काळा पट्टा आवळून चालते झाले.

हिनात्सु खालच्या मजल्यावर धावली आणि माकाबेसानना घेऊन आली. सान म्हणजे आपलं राव किंवा बाई. हे गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा फोन घ्यायचे, बावीस वर्षं. उंच, किडकिडीत, पाय अगदी हरणाचे. फोनवर माफी मागतानाही कंबरेतून वाकायचे. समोरच्याला दिसत नाही हो, असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "पण ऐकू येतं."

"माकाबेसान, हवेत ठोसे मारायचेत फक्त," हिनात्सु म्हणाली.

"हवेने काय केलंय?"

"काही नाही केलं. तरी मारा."

त्यांनी ठोसा मारला, आणि लगेच वाकून म्हणाले, "माफ करा."

"वाकू नका."

"चुकलो," म्हणत ते पुन्हा वाकले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐंशी हालचाली झाल्या आणि ऐंशी माफ्या. ठोशाला वाकणं असं चिकटलं होतं, की सोडवायला दोन आठवडे लागले असते. शुक्रवार तर परवावर आलेला. हिनात्सुने कपाळाला हात लावला आणि आहे तेच हरणाला चढवलं.

शुक्रवारी नवाच पेच आला. साहेबांशी पत्ते खेळा नाहीतर गोल्फ, त्या ऑफिसात हरायचं असतं, आणि तेही इतक्या सफाईने, की साहेबांना आपण स्वतःच जिंकलो असं वाटावं. आपलं पात्र आपण खेळायचं नाही, हा साहेबांचाच नियम. मग हरीण कोण खेळणार? सगळे छताकडे बघायला लागले. हिनात्सुने पुन्हा माकाबेसाननाच पुढे केलं.

"या वेळी जिंकायचंय हं," ती कानात म्हणाली.

"मला हरता छान येतं, हिनात्सुसान. सगळे म्हणतात."

तरी तिने बटणांचं खोकं त्यांच्या हातात दिलं.

वाघाने डरकाळी फोडून हरणाच्या नरड्यावर झेप घेतली. हरणाने बिचकत एक ठोसा मारला आणि ते वाकलं. वाघ त्याच्या पाठीवरून पलीकडे जाऊन तोंडावर आपटला. उठून परत आला, तोवर हरीण दुसऱ्यांदा वाकलेलं, आणि शिंगं थेट वाघाच्या पोटात. माकाबेसान घाबरले. "माफ करा, साहेब," म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत वाकले, त्यात छातीखाली बटणं दाबली गेली. दर बटणाला ठोसा, दर ठोशाला वाकणं. वाघ आडवा झाला.

दुसऱ्या डावात त्यांनी हरायचंच ठरवलं आणि फक्त सगळ्यात हलका ठोसा वापरला. पण तो ठोसा होता बुधवारचा पहिला, सगळ्यात जास्त लाजेचा, म्हणून त्याचं वाकणंही सगळ्यात खोल. या खेपेला वाघ दुप्पट वेगाने आडवा झाला. असे पाच डाव झाले आणि पाचही वेळा वाघ मेला.

साहेबांची मान लालबुंद झाली होती. गेलं आपलं हरीण, हिनात्सुला वाटलं, आणि तिला रडूच यायला लागलं.

"हे वाकणं कुणी घातलं?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब. म्हणजे, काढता आलं नाही."

साहेबांनी पडद्यावरच्या हरणाकडे बोट केलं. "सहा वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "एका हरणाने असंच तीनदा वाकून दाखवलं आणि मला तळ्यात ढकललं. नवी चड्डी होती. तेव्हापासून ही जात मला बघवत नाही." मग ते उठले. "पण हरीण असंच असतं. राहू दे."

हरलेल्याने जिंकलेल्यापुढे वाकायचं असतं, म्हणून साहेब वाकले. साहेब आपल्यापुढे वाकतात हे बघून माकाबेसान त्यांच्याहून खाली, आणि तेही घाईघाईने वाकले. दोघांची डोकी अशी आपटली की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली.

वसंतात गेम बाजारात आला आणि तक्रारी सुरू झाल्या. हरीण भलतंच जड जातं, वाकून वाकून मारतं. सगळे फोन अर्थातच माकाबेसानच्या टेबलावर. हिनात्सु चहा घेऊन खाली गेली, तेव्हा ते रिसीव्हर कानाला लावून वाकतच होते. "हो, फारच वाकतं ते. चूक आमचीच. माफ करा." मग हळूच काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. चेहरा पांढराफटक पडलेला.

"काय झालं?" हिनात्सुने विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणालं, ते हरीण काढून टाका."

"मग?"

"मी नाही म्हटलं," माकाबेसान म्हणाले. "बावीस वर्षांत पहिल्यांदा." आणि ठेवलेल्या फोनपुढे ते खोल वाकले.