मिस अर्लीनचा जबाब

अर्लीन बाबिनोच्या घराण्यात कुणी कधी वकिलाचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि याचा तिला कोण अभिमान! हमरस्त्यावर मैलामैलाला जाहिरातींच्या फलकांवर वकिलांचे हसरे चेहरे टांगलेले असत: 'अपघात झाला? मला फोन करा!' अर्लीन नाक मुरडून पुढे जायची.

मग ऑक्टोबरात, गाळपाच्या दिवसांत, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रकने सिग्नलला उभ्या असलेल्या तिच्या गाडीला मागून ठोकलं. उजवा खांदा कामातून गेला. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं चारशे पोरांचं रांधणारा हात, त्याला कॉफीचा कप उचलेना. ऑपरेशन केलं तर हात परत मिळेल, असं डॉक्टर म्हणाले. ट्रकवाल्यांची विमा कंपनी मात्र खर्च द्यायला तयार नव्हती.

शेवटी लेक रोशेल तिला ओढतच प्रेजाँ वकिलाकडे घेऊन गेली. त्याचं तोंड कुठल्याच फलकावर नव्हतं, एवढ्यासाठी अर्लीन कबूल झाली.

"मिस अर्लीन, कंपनीचा फोन आला होता?" त्याने विचारलं. गावात वडीलधाऱ्या बायकांना सगळे आदराने 'मिस'च म्हणत.

"आला की, दुसऱ्याच दिवशी. गुणी पोरगा हो! कशा आहात म्हणाला. म्हटलं, अगदी ठीक रे बाळा, तू कुणाचा? तर त्याची आई निघाली आमच्याच बाजूची! मग गंबोच्या रश्श्यासाठी पीठ कसं भाजायचं तेही सांगितलं त्याला."

रोशेलने कपाळावर हात मारला. "मम्मा, ते सगळं टेप होत होतं!"

"ठाऊक आहे. त्यानेच सांगितलं होतं. म्हणून काय परक्यापुढे रडगाणं गायचं?"

प्रेजाँ हसला. "आपल्या गावातले निम्मे दावे या 'अगदी ठीक'नेच बुडालेत. केस घेतो मी. हरलो तर एक डॉलर मागणार नाही. पण दुखतंय तर दुखतंय म्हणायचं."

"तेवढं सोडून बोला," अर्लीन म्हणाली. तरी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केलीच.

फेब्रुवारीत, कोर्टात उभं राहण्याआधी, प्रेजाँच्या ऑफिसात तिचा शपथेवरचा जबाब झाला. कंपनीचा वकील शहरातला, सूट कडक इस्त्रीचा. शब्दन् शब्द टिपून घ्यायला एक बाई यंत्र घेऊन बसली होती. वकिलाने टेप लावली आणि अर्लीनचं खळखळून हसणं खोलीभर झालं. 'अगदी ठीक रे बाळा!'

"आवाज तुमचाच?"

"माझाच."

"मग खोटं कधी बोललात, मॅडम? तेव्हा, की आता?"

अर्लीनची कानशिलं तापली. एकसष्ट वर्षांत तिला तोंडावर खोटारडी म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. प्रेजाँ काही बोलणार, तोच तिने डावा हात वर करून त्याला थांबवलं.

"नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. मी शवपेटीपाशी उभी होते. तीनशे माणसं येऊन गेली. जो तो विचारी, अर्लीन, कशी आहेस? प्रत्येकाला मी म्हटलं, अगदी ठीक, तुमच्या घरचे कसे आहेत? ते टेप केलं असतंत, तर माझा रोलंड जिवंत झाला असता का?"

यंत्रावरची बोटं थबकली. मग अर्लीन जे बोलली, ते तिने पोटच्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"रात्री कूस बदलता येत नाही मला. केस रोशेल विंचरते. हात जरा हलला की डोळ्यांत पाणी येतं, ते तिला दिसू नये म्हणून मान खाली घालून बसते. दुखतंय मला. फार दुखतंय. घ्या लिहून."

मागच्या खुर्चीत रोशेलचा हुंदका ऐकू आला. अर्लीनने मान ताठच ठेवली.

कंपनीचा वकील फोन करायला बाहेर गेला आणि पंधरा मिनिटांनी परतला. "ऑपरेशनचा सगळा खर्च कंपनी करेल," तो प्रेजाँला म्हणाला. "हा दावा इथेच मिटवू या."

प्रेजाँचा चेहरा उजळला. "मिस अर्लीन, हो म्हणू ना?"

"मम्मा, हो म्हण!" रोशेल कुजबुजली.

"थांब गं. यांनी मला खोटारडी म्हटलंय. ते आधी मागे घेऊ देत, मग हाताचं बोलू."

कंपनीच्या वकिलाने टायची गाठ सैल केली आणि तो टेबलाकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोल, बाळा," अर्लीन म्हणाली. "या बाईंना लिहून घ्यायचंय."