आक्काच्या तोंडावरचा लोगो

आक्का आठ वर्षांची असताना एका सिनेमात दिसली होती. नायक घोड्यावरून जातो आणि खिडकीतली एक मुलगी त्याच्याकडे बघते, एवढंच काम. तेही जेमतेम अकरा सेकंद. पण घरात तिचा तोरा पुढची पंच्याहत्तर वर्षं टिकला.

सिनेमावरचे हक्क केव्हाच संपले होते. तो आता कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता. म्हणून एका चॅनेलने तो इंटरनेटवर चढवला आणि उजव्या कोपऱ्यात आपला सोनेरी लोगो डकवला. नेमका खिडकीवर.

"अरे, घोडा दिसतो, घोड्याची शेपटी दिसते," आक्काने परगावाहून धाकट्या भावाला फोन केला. "मी कुठाय?"

भाऊ चित्रपट संग्रहालयातून निवृत्त झालेले. जुनी रिळं भिंगाखाली तपासण्यात हयात गेली, म्हणून सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. त्यांच्या जिवाला हे लागलं. त्यांनी जुन्या ऑफिसात रीतसर अर्ज केला, रीतसर दोन महिने हेलपाटे घातले आणि मूळ रिळावरून स्वच्छ प्रत करून घेतली. सूनबाईने ती लगोलग अपलोड करून दिली.

आक्काने बघायच्या आतच, तिसऱ्या दिवशी ती गायब! चॅनेलने तक्रार केली होती : आमच्या सिनेमावरचा लोगो पुसून यांनी चोरी केली आहे.

तपासनीस तडक चॅनेलच्या ऑफिसात. तिथला मॅनेजर मोठा अदबशीर. खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"काका, सिनेमा तुमचा आहे का?"

"नाही. सगळ्यांचा आहे."

"मग आमचाही आहेच की."

"मग त्यावर तुमचं नाव कशाला?"

"कुणी चोरू नये म्हणून."

इतक्या निर्मळ चेहऱ्याने हे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तपासनिसांना कळेना. ते एवढंच म्हणाले, "लोगोच्या मागे माझी बहीण आहे हो."

मॅनेजर खरोखर हळहळला. "अरेरे! आधी नाही का सांगायचं? डावीकडे सरकवतो. खास तुमच्यासाठी."

शब्दाला जागला. लोगो डावीकडे गेला. शिवाय, हात घातलाच आहे तर नीटच करू म्हणून, त्याने अख्खा सिनेमा रंगीत केला आणि यंत्राकडून सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत करून घेतले. खिडकीत आता निळ्या डोळ्यांची, मेणासारख्या गालांची एक मुलगी गोड हसत होती.

"ही कोण भवानी?" आक्काने फोनवर विचारलं.

शेवटी तपासनीस स्वच्छ प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन स्वतःच तिच्या घरी गेले. टीव्हीला जोडली. घोडा आला. खिडकी आली. खिडकीत आक्का होती, अगदी लख्ख. नायकाकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. उजव्या हाताचं बोट पेरापर्यंत नाकात घालून ती मन लावून काहीतरी शोधत होती.

रिळावरचे ओरखडे तपासण्याच्या नादात तपासनिसांनी खिडकीत नीट बघितलंच नव्हतं.

"पुन्हा लाव," आक्का म्हणाली.

पुन्हा लावलं. चौथ्या वेळी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आता बघच," तपासनीस म्हणाले, "मी त्या चॅनेलवाल्याशी भांडून हीच प्रत परत चढवतो."

"खबरदार! ही इथेच ठेव, माझ्यापाशी. आणि त्या भल्या माणसाला सांग, लोगो होता तिथेच परत लाव म्हणावं."

तपासनिसांनी मान खाली घालून फोन लावला. मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही घरी बसून एकदाचं काय ते ठरवा बघू."